रस्त्याचा झोन बदलताना तुमचं म्हणणं कुठे लिहायचं?

२०१६ च्या मे महिन्याचा शेवट. पावसाआधी मसाला उरकायचा म्हणून आमच्या चाळीच्या गच्चीवर जुने-नवे पेपर पसरून मिरच्या वाळत घातल्या होत्या. संध्याकाळी त्या गोळा करताना शेजारच्या अण्णांना एका पानावर बारीक अक्षरांतली जाहीर सूचना दिसली. मुंबईचा सुधारित प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला आहे, नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना लेखी पाठवाव्यात, वगैरे. अण्णांनी पान झटकलं, घडी घातली आणि खाली घेऊन आले. त्या पानाला पुढे कितीतरी दिवस तिखटाचा वास येत होता.

'हरकती व सूचना' हे शब्द मुंबईकराने शंभर वेळा वाचलेले असतात आणि दर वेळी ते ओलांडून तो राशिभविष्याकडे गेलेला असतो. मीही त्यातलाच. पण आपल्या रस्त्यावर पुढच्या वीस वर्षांत काय उभं राहणार, कोण टिकणार आणि कोण उठणार, याबद्दल बोलायची कायद्याने दिलेली जागा तीच आहे. तिथे बोलायची एक रीत आहे. ती कळली नाही तर चांगला मुद्दाही वाया जातो.

उदाहरणाला आमचाच रस्ता घेऊ. भायखळ्याकडून लालबाग, परळ, हिंदमाता करत दादरकडे जाणारा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग. समजा, उद्या ठरलं की या पट्ट्याचा कायापालट करायचा. (फक्त समजा. उगाच सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका.) तर पहिला प्रश्न असा की, कायापालट म्हणजे नेमकं काय करणार? कारण या एका शब्दाच्या पोटात तीन निरनिराळी कामं असतात आणि तिन्हींच्या पोस्टरवर चित्र मात्र एकच असतं: झाडं, सायकल, फुगेवाला आणि कुठेच नसलेली गर्दी.

पहिलं काम सुशोभीकरणाचं. फुटपाथ, दिवे, दुभाजकातली झाडं, दुकानांच्या एकसारख्या पाट्या. यात जमिनीचा वापर बदलत नाही, त्यामुळे झोन बदलताना जशी रीतसर हरकती मागवून सुनावणी होते तशी इथे होत नाही. विचारलं तर चांगुलपणा. दुसरं काम रस्तारुंदीचं. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ चा, त्यातल्या कलम २९७ खाली रस्त्याची नियमित रेषा ठरवता येते. रेषा आखली म्हणून तुमचं घर दुसऱ्या दिवशी पडत नाही. पण इमारत पाडून नवी बांधायची वेळ आली की रेषेच्या आतली पट्टी सोडावी लागते. तिसरं काम खरं महत्त्वाचं: झोन किंवा विकास नियमावली बदलणं. हे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ खाली होतं. सगळे त्याला एमआरटीपी म्हणतात, आपणही म्हणू.

झोन म्हणजे जमिनीला दिलेला वापराचा परवाना. निवासी, वाणिज्य, औद्योगिक, हरित असे पट्टे नकाशावर रंगवलेले असतात. ऐकायला कोरडं वाटतं, म्हणून मसाला गल्लीतला डंक बघा. लोखंडी उखळीत मुसळं वर-खाली होतायत, दुकानदार नाकाला फडकं बांधून मिरची उलथीपालथी करतोय, बाहेर बाकावर बायका डबे घेऊन नंबर लावून बसल्यात आणि आपला मसाला दुसरीच्या मसाल्यात मिसळू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बघतायत. आपल्यासाठी ते दुकान. नियमावलीच्या भाषेत असा धंदा सेवा उद्योगात मोडतो आणि तो कुठे, किती ताकदीच्या मोटरवर चालवायचा याला अटी असतात. आता या गल्लीचा झोन बदलून ऑफिसांना आणि हॉटेलांना जास्त वाव दिला तर काय होईल? डंक बंद करा असं कुठेच लिहिलेलं नसेल. जागेचं भाडं वाढेल. मग इमारत पाडून नवी होईल आणि तळमजल्यावर काचेची शोरूम येईल. तिच्या शेजाऱ्यांना मिरचीचा खकाणा सोसणार नाही. गिरणगावात राहिलेल्या माणसाला हा क्रम समजावून सांगावा लागत नाही.

झोनपाठोपाठ एफएसआय, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक. हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर १.३३ एफएसआय असेल तर १,३३० चौरस मीटर बांधकाम करता येतं, इतकं साधं गणित. २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्यासोबतच्या नियमावलीत मुंबई शहर भागात निवासी जागेचा मूळ एफएसआय १.३३ आहे. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर साधारण तेवढ्यावरच थांबावं लागतं. रस्ता रुंद होत जातो तसा अधिमूल्य भरून आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा हस्तांतरित होणारा विकास हक्क, विकत घेऊन हा आकडा चढत जातो आणि सर्वात रुंद रस्त्यांवर ३ पर्यंत पोचतो. पुनर्विकासाच्या खास योजनांचे आकडे आणखी वेगळे. म्हणून नोटिशीत 'एफएसआय' हा शब्द नसला आणि फक्त 'प्रस्तावित रस्ता १२.२० मीटर' असं दिसलं, तरी थांबून वाचा. गल्ली रुंद होते ती फक्त ॲम्ब्युलन्स आत यावी म्हणून होत नाही, मागच्या प्लॉटवर मजले चढावेत म्हणूनही होते.

नियमातल्या दोन-चार शब्दांनी काय होतं हे बघायला फार लांब जायला नको. मुंबईत ५८ कापड गिरण्या होत्या आणि त्यांच्या जमिनीचा नियमही योगायोगाने ५८ क्रमांकाचा. जानेवारी १९८२ चा संप झाला, गिरण्या मोडकळीला आल्या, आणि १९९१ च्या नियमावलीत ढोबळमानाने असं ठरलं की गिरणीची जमीन विकसित करताना तिचे तीन वाटे करायचे: एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकाला. सगळी मिळून सुमारे ६०० एकर जमीन. भर मुंबईत. मग २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली. वाटे करायचे ते संपूर्ण जमिनीचे नाहीत, तर फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचे. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते किती? सगळीकडे शेड. शेड पाडून जी मोकळी होईल ती हिशेबात नाही. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने पर्यावरणवाद्यांच्या याचिकेवर दुरुस्तीच्या विरोधात निकाल दिला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि दुरुस्ती टिकली. मैदानं आणि घरं जेवढी मिळायची होती त्याच्या मानाने हातात थोडंसंच आलं.

आणि इमारती उभ्या राहिल्या. चिमण्यांच्या जागी काचेची ऑफिसं. परळ आणि तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनात रोज उतरणारी माणसं किती पटींनी वाढली हे आम्ही जिन्यावर चेंगरत बघत होतो. जमिनीचा वापर बदलला, पादचारी पूल तेवढाच अरुंद राहिला. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी पावसात त्या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं गेली. झोन बदलाच्या फाइलमध्ये जिन्याची रुंदी येत नाही. ती रोज त्या जिन्यावरून जाणाऱ्यालाच लिहावी लागते.

इथे अनेकांची एक चुकीची समजूत असते. 'आपण तर भाडेकरू, पागडीवाले, आपल्याला कोण विचारणार?' एमआरटीपी कायद्यात हरकत घ्यायला मालक असावं लागत नाही. कोणतीही व्यक्ती हरकत घेऊ शकते. पागडीचा भाडेकरू, गाळा चालवणारा, रोज विरारहून केईएममध्ये ड्यूटीला येणारी नर्स, कुणीही. इमारतीच्या पुनर्विकासाला लागणारी संमती ही वेगळी गोष्ट, तिथे टक्केवारी मोजतात. आराखड्यावरची हरकत ही वेगळी, तिथे टक्केवारीचा संबंध नाही. या दोन्हींची गल्लत करून माणसं गप्प बसतात. फेरीवाल्यांसाठी तर २०१४ च्या कायद्याने निराळी सोय केली आहे: नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत. पट्ट्याचं रूप बदलताना विक्रेते कुठे बसणार हा प्रश्न त्या समितीपुढे जायला हवा.

कायद्याने बोलायची मुभा दिली आहे, पण नकाशात जी गोष्ट नाही तिच्याबद्दल नियोजनात कुणी बोलत नाही. आराखड्याची सुरुवात 'विद्यमान जमीन वापर' नकाशाने होते. आज कुठे काय आहे, याची नोंद. २०३४ च्या आराखड्यासाठी असा नकाशा तयार झाला तेव्हा नागरिकांच्या गटांनी त्यात असंख्य चुका दाखवल्या. अशा चुका पुढे सरकत जातात. फेब्रुवारी २०१५ मध्ये जो प्रारूप आराखडा आला त्यात वारसा वास्तू सुटल्या होत्या, आरेच्या हिरव्या पट्ट्यात बांधकामाला वाट दिली होती, काही भागांत एफएसआय थेट ८ पर्यंत नेला होता. ओरड झाली, साठ हजारांहून जास्त हरकती आल्या आणि एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो मागे घेऊन पुन्हा करायला सांगितला. इतक्या मोठ्या शहराचा आराखडा असा परत जाणं ही लहान गोष्ट नाही. मे २०१६ ला आला तो त्याचाच सुधारित अवतार, म्हणजे अण्णांच्या मिरच्यांखालचा.

नोटीस हातात आली की तिच्यातलं कलम आधी शोधा. कलम २६ असेल तर संपूर्ण आराखड्याचा मसुदा आहे. मुंबईत २०१५ आणि २०१६ दोन्ही वेळा त्यासाठी साठ दिवस मिळाले. कलम ३७ असेल तर मंजूर आराखड्यात फेरबदल आहे, आणि एखाद्या रस्त्याच्या पट्ट्याचा झोन मधेच बदलायचा तर बहुधा हीच वाट असते. तिथे एक महिना. कायद्यात अट आहे की असा फेरबदल आराखड्याचं मूळ स्वरूप बदलणारा नसावा. आता स्वरूप कशाने बदलतं आणि कशाने नाही, यावर वकिलांची पोटं भरतात. पण तुम्हाला तसं वाटत असेल तर हरकतीत ते वाक्य जरूर घाला, पुढे कोर्टात गेलात तर तुम्ही वेळेत बोलला होता हे दिसतं.

मग बघायचं की नियोजन प्राधिकरण कोण. मुंबईत सगळी जमीन महापालिकेच्या आराखड्यात नाही. बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) एमएमआरडीएकडे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजना एसआरएकडे (झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण), धारावीचं प्राधिकरण वेगळं. चुकीच्या पत्त्यावर गेलेली हरकत कितीही मुद्देसूद असली तरी ती मोजलीच जाईल याची खात्री नाही. वॉर्डांचंही तसंच. आमचा एकच रस्ता ई, एफ दक्षिण आणि एफ उत्तर अशा तीन वॉर्डांच्या हद्दीतून जातो. रस्त्याला काही त्याचं नाही, सभा मात्र तीन ठिकाणी होतात.

आता अण्णांचं पत्र, २०१६ च्या त्या आराखड्यात आमच्या चाळीजवळची गल्ली रुंद करायची होती त्याबद्दलचं. त्यांनी चार पानं लिहिली होती. चाळीचा इतिहास, संपातले दिवस, गल्लीतला पहिला गणपती, आणि शेवटी 'तरी आमच्या भावनांचा विचार व्हावा ही नम्र विनंती'. पलीकडच्या इमारतीत आयुष्यभर नगररचनेचे नकाशे काढून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून सगळं शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "उत्तम आहे. मंडळाच्या स्मरणिकेत छापा."

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. सी.एस. नंबर किती? (शहर भागात सी.एस. नंबर आणि त्याचा विभाग, उपनगरांत सीटीएस नंबर. तो मिळकत पत्रिकेवर असतो.) आराखड्याची शीट कुठली? गल्ली आज किती रुंद? कुणाला माहीत नव्हतं. आयुष्य गेलं त्या गल्लीत क्रिकेट खेळून, रुंदी कुणी मोजली होती! दुसऱ्या दिवशी पहाटे, टेम्पो लागायच्या आत, सुताराचा टेप घेऊन आम्ही तिघं उतरलो. भरली ६.४० मीटर. नकाशात दाखवली होती १२.२०. आणि वाढीव रुंदीची सगळी जागा एकाच बाजूने, म्हणजे पूर्वेकडून, जिथे गाळे आहेत तिथून घेतली होती.

शेवटी पत्र उरलं अर्ध्या पानाचं: "परळ-शिवडी विभागातील अमुक सी.एस. क्रमांकासमोर प्रस्तावित १२.२० मीटर रस्ता दाखवला आहे. प्रत्यक्ष गल्ली ६.४० मीटर आहे. रुंदीकरणाची सर्व जागा पूर्वेकडून घेतलेली दिसते. त्यात चौदा गाळे बाधित होतात, पैकी पाच मसाल्याचे डंक आहेत. रस्ता ९ मीटर ठेवावा. ते शक्य नसल्यास जागा पश्चिमेकडून घ्यावी. सोबत मोजमाप, फोटो व गाळेधारकांची यादी." अण्णांना ते फार रुक्ष वाटलं. पण बघा, यात जागा आहे, प्रत्यक्ष स्थिती आहे, नुकसान आहे, मागणी आहे आणि मागणी मान्य नसेल तर दुसरी मागणी आहे. टेबलापलीकडच्या माणसाला होय किंवा नाही म्हणता येईल असं काहीतरी त्यात आहे. 'आमचा या आराखड्याला तीव्र विरोध आहे' यावर कुणी काय शेरा मारणार?

सह्यांचंही सांगून टाकतो. एकच छापील मजकूर पाचशे जणांनी पाठवला तर आवाज होतो, पण मुद्दा एकच राहतो आणि उत्तरही एकच मिळतं. त्यापेक्षा वीस जणांनी वीस गोष्टी लिहिलेल्या बऱ्या. एकाने लिहावं पाणी कुठे तुंबतं. हिंदमाताला पाणी साचतं हे साऱ्या मुंबईला ठाऊक आहे, पण कुठल्या गल्लीतून ते आधी वर येतं हे तिथल्या पानवाल्याइतकं कुणाला माहीत नसतं. दुसऱ्याने शाळेच्या गेटबद्दल लिहावं, तिसरीने बसस्टॉप हलवला तर म्हाताऱ्यांना किती चालावं लागेल ते लिहावं. आणि पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून पोच घ्याच. अण्णांची पोच रेशनकार्डाच्या प्लॅस्टिक पिशवीत गेली, म्हणजे घरातल्या सर्वात सुरक्षित जागी.

हरकती नियोजन समितीकडे जातात. महापालिकेच्या आराखड्यासाठी तीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. समितीचा अहवाल महापालिकेच्या सभागृहात, तिथून आराखडा राज्य सरकारकडे, अशी वाट. सभागृहात नगरसेवक असले तर त्यांच्यामार्फतही दबाव टाकता येतो. मार्च २०२२ मध्ये मुंबईच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर कारभार प्रशासकाच्या हाती गेला. अशा काळात लेखी हरकतीशिवाय सामान्य माणसाच्या हातात फारसं काही उरत नाही.

आमची सुनावणी गटाने होती आणि आमच्या वाट्याला चारेक मिनिटं आली. अण्णांनी १९८२ पासून सुरुवात केली तेव्हा निवृत्त गृहस्थांनी त्यांची बाही ओढली. मग अण्णांनी फोटो पुढे केले. समितीतल्या एकाने एवढंच विचारलं, "पश्चिमेला काय आहे?" पश्चिमेला बंद गोदामाची लांबलचक भिंत होती. तिचाही फोटो आम्ही नेला होता, तो टेबलावर ठेवला. संपलं.

आराखडा २०१७ मध्ये सभागृहातून पुढे गेला आणि मे २०१८ मध्ये सरकारने तो मंजूर केला. पण सगळा नाही. सरकारला जिथे ठळक बदल करायचे असतात तो भाग वगळून त्यावर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. त्याला ईपी म्हणतात, वगळलेला भाग. पहिल्या फेरीत बोललेल्यांनी दुसरीत गप्प बसू नये, कारण पहिल्यांदा नसलेली एखादी गोष्ट इथे नव्याने आलेली असू शकते. आम्ही यादी वाचली, आमची गल्ली तिच्यात नव्हती. मग मंजूर शीट मोबाइलवर उघडली. अण्णांना दिसेना, म्हणून ती मोठी करून छापून आणली आणि पोळपाटावर पसरली.

रुंदी तीच, १२.२०. रेषा मात्र पश्चिमेकडे सरकलेली. गाळे वाचले होते, गोदामाची भिंत जाणार होती.

अण्णांनी भिंगातून ती रेषा एकदा इकडून, एकदा तिकडून बघितली. मग म्हणाले, "म्हणजे गोदामवाल्याने हरकत लिहिली नव्हती."